ऐंशी माणसांचं लग्न, नागपुरात: आधी काय, मग काय

लहान लग्न करायचं ठरलं की घरातलं कोणीतरी दुसऱ्याच दिवशी हॉल पाहायला निघतं. गाडी तिथेच रुळावरून घसरते. 'दोनशे माणूस आरामात बसतो' हे वाक्य कानावर पडलं की घरच्यांना ऐंशीची यादी कंजूष वाटायला लागते.

हे मी स्वतः केलेलं आहे. धाकट्या भावाच्या लग्नात जागा आधी धरली, यादी नंतर केली. आचाऱ्याला ८० माणसं सांगितली, जेवली १३४. दीड वाजता भाताच्या गंजात डोकावले तर तळाला चार डाव भात. आचाऱ्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, पोऱ्याला एवढंच म्हणाला, "पाणी चढव." समोरच्या किराणा दुकानातून तांदूळ धावतपळत आणला आणि दुसरी पंगत पाऊण तास पानावर ताटकळली. मुलीकडच्या एका काकांनी तेवढ्यात तीनदा घड्याळ पाहिलं, ते मला अजून दिसतं.

पुढे चुलतबहिणीचं आणि मैत्रिणीच्या मुलीचं, अशी दोन लग्नं क्रम बदलून पार पाडली. खालचा क्रम त्यातून आलेला आहे. तयारीला तीन महिने असतील तर निवांत होतं, दोन महिन्यांत धावपळीने होतं.

१. दोन्ही घरं एकत्र बसवा

साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या आधी, सुपारी फुटायच्याही आधी. मुलगा, मुलगी, दोन्हीकडचे आईवडील आणि प्रत्येक घरातलं एक असं माणूस, ज्याला न विचारल्यास ते ठरलेलं मोडू शकतं. हे माणूस प्रत्येक घरात असतं, तुम्हाला माहीत आहे कोण ते.

त्या बैठकीत पाच गोष्टी कागदावर यायला हव्यात. एकूण खर्च किती. त्यातला कोणाचा किती. दोन्हीकडची मिळून माणसं किती. विधी कोणते करायचे, कोणते गाळायचे. आणि आहेर-मानपानाचं काय. शेवटच्या मुद्द्याला सगळे 'पाहून घेऊ' म्हणतात. लग्नाच्या आदल्या रात्री अकरा वाजता साड्या आणायला जे पळतात ते हेच लोक. 'आहेर घेणार-देणार नाही, फक्त दोन विहीणींना साडी' इतकं स्पष्ट लिहा. देणंघेणं म्हणजे हुंडा, असं कोणाच्या डोक्यात असेल तर पुढचं वाचू नका. तो १९६१ पासून गुन्हा आहे.

आपल्याकडे साक्षगंधच लग्नाएवढं होऊन बसतं. हॉल, जेवण, दोन्हीकडची साडी-अंगठी, फोटो, सगळं दोनदा. बजेट तंग असेल तर साक्षगंध घरी वीस माणसांत करा, नाहीतर लग्नाच्या आदल्या संध्याकाळी हळदीला जोडून घ्या. एवढ्या एका निर्णयाने जितके वाचतात तितके फुलंपत्रिकांत काटकसर करून वाचत नाहीत.

*थांबा:* कागदाचा फोटो दोन्ही घरांतल्या फोनमध्ये गेल्याशिवाय पुढे जाऊ नका.

२. यादी: कुटुंबं नको, माणसं लिहा

'मोठे काका – ४' असं लिहिलेली यादी खोटी असते. त्या चारांत सून धरली का, तिचं बाळ, बाळाला सांभाळायला येणारी तिची आई? एका ओळीत एक नाव. लहान मुलंही लिहा, ती पुरी कमी खातात पण जिलबी मोठ्यांपेक्षा जास्त.

तीन रकाने पाडा. पहिल्यात ज्यांच्याशिवाय अंतरपाट धरता येणार नाही ते. दुसऱ्यात ज्यांना वाईट वाटेल ते. तिसऱ्यात ज्यांनी आपल्याला बोलावलं होतं म्हणून बोलवायचे ते. लहान लग्नात पहिला रकाना सगळा येतो, दुसऱ्यातला निम्मा, तिसऱ्यातलं कोणी नाही. त्यांच्याकडे नवराबायकोने लग्नानंतर महिन्याभरात पेढे घेऊन जायचं.

नावं गाळताना माणसं पाहून गाळू नका, नियम करा आणि दोन्हीकडे सारखा लावा. 'सख्खे काका, मामा, आत्या, मावशी आणि त्यांची मुलं, त्यापुढे नाही.' चुलतबहिणीच्या लग्नात आमची आत्या भडकली होती. "माझ्या दिराच्या पोराला काऊन नाही बोलावलं? मी सासरी काय तोंड दाखवू?" बाबांनी शांतपणे सांगितलं की ताई, माझ्या साडूलाही नाही बोलावलं. आत्या दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी लोणचं घेऊन आली. नियम असला की राग नियमावर निघतो.

शेजाऱ्यांचा प्रश्न वेगळा. लेआउटमध्ये तीन घरांना बोलावलं आणि चौथ्याला नाही, तर पुढची वीस वर्षं त्या फाटकासमोरून मान खाली घालून जावं लागतं. त्यावर आम्हाला सापडलेला उपाय म्हणजे हळदीच्या सकाळी अख्ख्या गल्लीला तर्री-पोहे आणि चहा. दोन तास, घरासमोर, प्लास्टिकच्या खुर्च्या. लोक नवरीला हळद लावून, आशीर्वाद देऊन जातात आणि लग्नाच्या जेवणाची अपेक्षा उरत नाही. ऑफिसात एक तर सगळे किंवा कोणीच नाही.

*तपासा:* यादीत गुरुजी किंवा भंतेजी, फोटोवाला आणि त्याचा मदतनीस, गाडीचे ड्रायव्हर, हॉलचा चौकीदार, वाढपी पोरं धरली का? ही दहा-बारा माणसं जेवतातच. मी धरली नव्हती.

३. आकड्यावरून पैसे

आता कुठे पैशाकडे वळायचं. एक नमुना मांडते. दर तुमच्या महिन्याचे नसतील, पद्धत बघा.

हातात २,००,००० रुपये आणि ८० माणसं. मंगळसूत्राचं सोनं यात धरलेलं नाही. सगळ्यात आधी २०,००० उचलून बाजूला ठेवा, त्याला लग्न लागेपर्यंत हात नाही. उरले १,८०,०००. जेवण ९० ताटांचं, ३५० रुपयांप्रमाणे ३१,५००. आदल्या दिवसापासून घरात असणाऱ्यांचा चहा-नाश्ता-जेवण १०,०००. जागा ३०,०००, बिछायतवाल्याकडून खुर्च्या-कूलर-भांडी १२,०००. दोघांचे कपडे ३५,०००. फोटो १८,०००. गुरुजी आणि पूजेचं सामान ८,०००, फुलं ७,०००. बाहेरगावच्यांचं राहणं, गाड्या १२,०००. पत्रिका, नोंदणी मिळून ३,०००. झाले १,६६,५००. आहेर-मानपानाला उरले १३,५००, म्हणून पहिल्या बैठकीत तो विषय मिटवायचा असतो.

आता याच हिशेबात चाळीस माणसं जास्त घाला. नुसत्या ताटांचे १४,००० वाढले. खुर्च्या, पाणी, कूलर वेगळे. बाजूला ठेवलेले वीस हजार संपले आणि अजून कोणाची गाडीसुद्धा बंद पडलेली नाही.

पक्क्या बिलावर जीएसटी वेगळा लागतो. भाव ठरवताना 'धरून की सोडून' हे प्रत्येकाला विचारा.

४. कायद्याची वाट तारखेआधी ठरवा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून थोडं सावकाश.

विधीने लग्न लावून मग त्याची नोंदणी करणं ही एक गोष्ट, आणि विवाह अधिकाऱ्यासमोर लग्न करणं ही दुसरी. लोक दोन्हीला 'कोर्ट मॅरेज' म्हणतात. कोर्टाचा यात संबंधच नाही. आणि नोटरीपुढे स्टॅम्पपेपरवर सह्या करणं हे यातलं काहीच नाही, त्याने लग्न होत नाही. मुलाचं वय २१ आणि मुलीचं १८ पूर्ण हवं, कोणत्याही वाटेने गेलात तरी.

विधीची वाट. दोघंही हिंदू असतील तर १९५५ चा हिंदू विवाह कायदा लागतो. बौद्ध, जैन, शीखही त्यातच येतात. आपापल्या रूढीप्रमाणे लग्न लागलं की झालं. सप्तपदी तुमच्या रूढीत असेल तर सातवं पाऊल पडल्यावर लग्न पूर्ण होतं, म्हणून जेवणाची घाई आहे म्हणून सप्तपदी उरकू नका. विहारात त्रिशरण-पंचशील घेऊन लागणारं लग्न मुळातच आटोपशीर असतं. कमी पैशांत, नेटकेपणाने लग्न कसं लावायचं हे पाहायचं असेल तर नागपुरात त्यासाठी लांब जावं लागत नाही. नोंदणी मागाहून ९० दिवसांच्या आत करायची, तिचं शेवटी सांगते.

विशेष विवाह कायदा, १९५४. दोघांचे धर्म वेगळे असतील तर हीच वाट, धर्म एक असला तरी ती धरता येते. विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यायची, ती लागल्यापासून ३० दिवस आक्षेपासाठी थांबायचं, मग अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर लग्न. नोटिशीच्या तारखेपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती नोटीस बाद, पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे १ जानेवारीला नोटीस दिली तर फेब्रुवारी उजाडल्याशिवाय लग्न नाही आणि मार्चअखेरच्या आत ते झालं पाहिजे. हॉल आधी २५ जानेवारीचा धरून बसलेली मंडळी मी पाहिली आहेत.

इथे नागपूरकरांची एक खास अडचण असते. मुलगा हिंजवडीत, मुलगी खराडीत, दोघांची घरं नागपुरात आणि लग्न नागपुरात करायचं आहे. नोटीस द्यायच्या आधी दोघांपैकी एकजण तरी सलग ३० दिवस त्या जिल्ह्यात राहत असला पाहिजे. दोघंही पुण्यात राहत असतील तर एकाला आधी महिनाभर नागपुरात येऊन राहावं लागेल, किंवा नोटीस पुण्यात द्यावी लागेल. हे महिने मोजा, मग तारीख काढा.

सकाळी विवाह अधिकाऱ्यासमोर सह्या, दुपारी पन्नास-साठ जणांचं जेवण, हा सगळ्यात स्वस्त प्रकार. घरच्यांना मंगलाष्टकं हवी असतील तर त्याच दुपारी म्हणा. दाखला सकाळच्या लग्नाचा, वेगळी नोंदणी लागत नाही.

*थांबा:* घटस्फोटित असाल तर हुकूमनाम्याची प्रत, जोडीदार वारला असेल तर मृत्यूचा दाखला आत्ताच काढून फाइलला लावा. आधारवरचं नाव, शाळेच्या दाखल्यावरचं नाव आणि जन्मतारीख एकमेकांशी जुळते का ते पाहा. जुळत नसेल तर दुरुस्तीला दिवस लागतात.

५. तारीख

तुळशीचं लग्न झालं की हंगाम उघडतो आणि आषाढीपर्यंत चालतो. त्यात सगळ्यांना शनिवार-रविवारच हवा असतो. मधला वार घेतला तर हॉलवाला, आचारी, फोटोवाला, तिघंही भावात उतरतात, आणि यादीही आपोआप गळते. पंचांगात गौण काळातले, म्हणजे हंगामाबाहेरचे, मुहूर्तही दिलेले असतात. गुरुजींना मोकळेपणाने विचारा.

नागपुरात ऋतू बघून वेळ ठरवा. मेमध्ये पारा ४५ च्या घरात जातो. दुपारचं लग्न असेल तर कूलर, बर्फ, पाणी यांचा खर्च फुलांच्या दुप्पट होतो. गोरज मुहूर्त घ्या, नाहीतर सकाळी साडेनऊला लग्न आणि अकराला पंगत. डिसेंबर-जानेवारीत उलटं. रात्री लॉनवर कढी दहा मिनिटांत गार होते आणि म्हातारी माणसं शाली गुंडाळून घरी जायचा हट्ट धरतात, तेव्हा दुपार बरी. फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी पाऊस आणि गारपीट येते. त्या दिवसांत डोक्यावर पक्कं छत हवं.

आणखी दोन तारखा टाळा. डिसेंबरातलं विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन: लॉज भरलेले, सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते मोर्च्यांनी अडलेले. आणि दसऱ्याला दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो लोक येतात, तेव्हा गाड्यांमध्ये पाय ठेवायला जागा नसते. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना तारीख त्याआधी कळली पाहिजे.

६. जागा

ऐंशी माणसांना लॉन लागत नाही. मोठ्या लॉनवर ऐंशी माणसं म्हणजे रिकाम्या खुर्च्यांचे फोटो. समाजभवन, सोसायटीचा हॉल, देवळाचं सभागृह, विहार, घराची गच्ची किंवा घरासमोरचा मोकळा प्लॉट, या क्रमाने चौकशी करा. समाजभवन दिसायला साधं असतं, पण भिंतींना तुम्ही झेंडूच्या माळा लावणारच आहात.

पाहायला जाताना ज्या वेळी लग्न आहे त्याच वेळी जा. दुपारी दोनला पश्चिमेच्या काचांतून ऊन कुठवर येतं ते सकाळी दहाला कळत नाही. मग हे विचारा आणि उत्तरं पावतीवर लिहून घ्या: भाडं किती तासांचं, बाहेरचा आचारी चालतो का, लाइट गेली तर जनरेटर आहे का आणि डिझेल कोणाचं, पाणी बोअरचं की टँकरचं, साफसफाईचे वेगळे किती, हळदीचे डाग पडले तर किती कापणार, तारीख बदलली तर अनामत परत मिळणार का. शेवटी स्वयंपाकाच्या जागेत जा. तिथे नळ चालू करून पाहा. आम्ही एका ठिकाणी नवरीच्या खोलीतला आरसा दहा मिनिटं पाहिला आणि मागचा नळ पाहिला नाही.

मेट्रोच्या जवळची जागा मिळाली तर घ्या. खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि लोकमान्य नगर ते प्रजापती नगर या दोन्ही लाइन सीताबर्डीला मिळतात, रेल्वे स्टेशनलाही मेट्रो थांबते. पाहुण्यांना आणायला दोन गाड्या कमी लागतात.

लाउडस्पीकर रात्री दहाला बंद, हा नियम आहे. संदल, म्हणजे वाजंत्रीचा ताफा, लावून वरात काढायची हौस असेल तर ती दिवसा, आणि खर्चाच्या कागदावर आधी लिहून.

७. जेवण

लोक लग्नातलं एवढंच लक्षात ठेवतात, तेव्हा इथे हात आखडू नका. पदार्थ मात्र आखडा.

दोन रस्ते आहेत. केटरर ताटावर भाव लावतो, सगळं त्याच्या अंगावर. आचारी मजुरी घेतो, सामान तुमचं. शंभराच्या आत माणसं असतील आणि घरात किराणा आणणारं एक खमकं माणूस असेल तर आचारी स्वस्त पडतो. तसं माणूस नसेल तर केटरर घ्या. अर्धवट आचारी, अर्धवट केटरर असं करू नका, तेल कोणी संपवलं यावरून भांडण ठरलेलं.

जेवणात आपलं काहीतरी ठेवा. पनीरची लाल भाजी सगळीकडे तीच मिळते. आलू-वांग्याची भाजी, पाटवडीचा रस्सा, वरणभात, कढी, पुरी, एक कोशिंबीर, मठ्ठा आणि जिलबी किंवा बुंदी; एवढ्यावर माणूस तृप्त उठतो. चुलतबहिणीच्या लग्नात आम्ही पाटवडी केली. मुलाकडची मंडळी साताऱ्याची, त्यांनी रस्सा भुरकून आधी पाणी मागितलं आणि मग दुसरी वाटी. पाहुणे बाहेरचे असतील तर आचाऱ्याला तिखट हाताने कमी घालायला आदल्या दिवशी सांगा. ऐनवेळी सांगून उपयोग नसतो, मसाला वाटून झालेला असतो.

माझ्या वहीतले शंभर माणसांचे आकडे: तांदूळ १० किलो, तूरडाळ ३ ते ४ किलो, पुरीची कणीक १० किलो, जिलबी १० किलो, मठ्ठा १५ लिटर. पिण्याचं पाणी हिवाळ्यात २० लिटरचे सहा जार पुरतात, उन्हाळ्यात दहा सांगा. आचाऱ्याची यादी याच्या दीडपट असेल तर हसत हसत एकेक ओळ विचारा. तो रागावत नाही, त्याला सवय असते. धान्य-किराणा इतवारीत, भाजी आदल्या पहाटे कॉटन मार्केटात.

भाताबद्दल मात्र हट्ट धरा. सगळा एकदम शिजवू द्यायचा नाही. सत्तर टक्के आधी, उरलेला तांदूळ धुऊन निथळत ठेवायचा आणि माणसं मोजून मग चढवायचा. पुऱ्यांचंही तसंच, कणीक मळलेली असू द्या पण तळण पंगत बसल्यावर.

उन्हाळ्यात बासुंदी, रबडी, दुधाचं काही नको. भांडी भाड्याची असतील तर येताना मोजा, जाताना मोजा. वाट्या हमखास कमी भरतात, आणि बिछायतवाला प्रत्येक वाटीचे पैसे लावतो. एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या प्लेटा-ग्लासांवर आणि थर्माकोलवर बंदी आहे. बुफे असेल तर स्टीलची ताटं, पंगत असेल तर पळसाच्या पत्रावळी.

*तपासा:* आचाऱ्याला आकडा सांगताना यादीचा आकडा सांगा. तो स्वतःहून दहा टक्के वाढवतोच. तुम्हीही वाढवला, तुमच्या भावानेही वाढवला, तर रात्री उरलेल्या कढीचं काय करायचं ते ठरवत बसाल.

८. कपडे, सोनं, फुलं, फोटो

कपड्यांना इतवारी-गांधीबाग, आणि जाताना दोनच बायका. चौघी गेल्या की चार साड्या होतात. सोनं घेताना हॉलमार्कचा सहा अक्षरी क्रमांक आणि घडणावळ पाहा, दोन दुकानांत सोन्याचा भाव सारखाच असतो, फरक घडणावळीत असतो. त्यावर ३ टक्के जीएसटी.

फुलं बर्डीच्या नेताजी मार्केटातून सकाळी. उन्हाळ्यात मोगरा, हिवाळ्यात झेंडू-शेवंती, हंगामाबाहेरचं काही मागू नका. हार दोन लागतात, तीन आणा.

फोटोवाला एकच, अर्ध्या दिवसाचा. त्याला दोन गोष्टी आधी सांगा: सगळे कच्चे फोटो पेनड्राइव्हवर द्यायचे, आणि हार घालतानाचा एक फोटो असा हवा ज्यात दोघांचे चेहरे समोरून दिसतात. नोंदणीला तोच लागतो.

९. आवतन

छापील पत्रिका पंचवीस पुरतात. देवाला, वडीलधाऱ्यांना आणि नोंदणीच्या फाइलला. बाकीच्यांना फोन. ग्रुपवर पत्रिका टाकू नका. ग्रुपवर टाकलेली पत्रिका गावभर फिरते.

आणि पत्रिकेवरचं 'सहकुटुंब सहपरिवार' काढा. छापणारा ते स्वतःहून घालतो, कारण साच्यात असतं. ते वाचलं की माणूस चूलबंद आवतन समजून घराला कुलूप लावून येतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. आमचे १३४ तिथूनच झाले. फोनवर नावं घेऊन सांगा: "काकू, तुम्ही, काका आणि रोहनने यायचं. घरच्या घरीच करतोय, म्हणून नावं घेऊन सांगते." ऐकायला ओशाळं वाटतं, पण दोन-तीन फोनांनंतर जीभ सरावते. आठ दिवस आधी दुसरा फोन, येणार की नाही ते विचारायला. तो आकडा आचाऱ्याला.

१०. आदला दिवस आणि लग्नाचा दिवस

तीन माणसं नेमा. एक पैशांचा, एक दाराचा, एक सामानाचा. नवरानवरी आणि त्यांचे आईवडील यांतले नकोत. धाकटा मामा, वहिनी, मित्र. सगळ्या व्यवसायवाल्यांना पैशांच्या माणसाचा नंबर द्या.

पैसे पाकिटांत, पाकिटावर नाव आणि रक्कम. गुरुजी, आचारी, वाढपी, झाडूवाल्या बाई, ड्रायव्हर. लग्नाच्या गडबडीत सुटे शोधत फिरणारे वडील मी फार पाहिले.

सामानाची एकच पेटी: अंतरपाट, अक्षता, मंगळसूत्र, जोडवी, कुंकू, सुपाऱ्या, ओटीचं सामान, काडेपेटी, कात्री, सेफ्टी पिना, सुई-दोरा, डोकेदुखीची गोळी. मंगळसूत्र पेटीत न ठेवता एका माणसाच्या पर्समध्ये असलेलं बरं, आणि ते कोणाच्या पर्समध्ये आहे हे दुसऱ्या एकाला माहीत हवं.

मुहूर्त ११:४० चा असेल तर नवरीची तयारी आठला सुरू, फोटो दहाला, सगळे अकराला जागेवर. नवरा नेहमी वेळेवर तयार असतो आणि मग हरवतो, त्याच्यामागे एक भाऊ लावा.

दारावर अक्षता वाटणाऱ्या मुलीच्या हातात वही द्या. येणाऱ्या प्रत्येकामागे एक रेघ. मंगलाष्टकं सुरू झाली की ती वही घेऊन आचाऱ्याकडे जायचं आणि उरलेला भात किती चढवायचा ते सांगायचं. चुलतबहिणीच्या लग्नात रेघा ९१ झाल्या. आचाऱ्याने बोटं मोजली, तीन किलो तांदूळ चढवला, आणि शेवटच्या पंगतीला भात वाफाळता गेला.

उरलेलं अन्न द्यायचं असेल तर जेवणं आटोपल्याबरोबर द्या. मेमध्ये चार तास उघड्यावर राहिलेलं कोणाला देऊ नका, आपणही खाऊ नका.

११. नोंदणी

लग्न विधीने लागलं असेल तर हे काम आठवड्याभरात करा, साक्षीदार गावी परतायच्या आत. नोंदणी महापालिकेच्या झोन कार्यालयात होते. नागपुरात दहा झोन आहेत, आपल्या पत्त्याला कोणता लागतो ते आधी पाहून ठेवा.

फाइलमध्ये दोघांच्या वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, पासपोर्ट आकाराचे फोटो, लग्नाचा तो समोरून दिसणारा फोटो, पत्रिका, तीन साक्षीदार आणि त्यांची ओळखपत्रं. मूळ कागद सोबत न्या. नमुन्यावर लग्न लावणाऱ्याचीही सही लागते. आम्ही ती घ्यायची विसरलो, अर्ज परत आला आणि गुरुजी तोवर पुढच्या लग्नासाठी परगावी गेलेले. आता मी तो नमुना आधीच भरून सामानाच्या पेटीत ठेवते आणि दक्षिणेचं पाकीट देतानाच सही घेते.

दाखला छापण्याआधी दाखवला तर तिथेच उभं राहून वाचा: दोघांची नावं, आडनावं, लग्नाची तारीख, जागा. पुढे पासपोर्टला हाच कागद लागतो, आणि 'दिपाली'ची 'दीपाली' करायला पुन्हा अख्खी सकाळ जाते.